अर्धा उजेड

प्रोजेक्टर विकत घेताना खोक्यावर एक आकडा दिसतो. दिव्याचं आयुष्य ४००० तास. आपण लगेच मनात गणित मांडतो. आठवड्याला दोन सिनेमे म्हणजे साधारण ५ तास, वर्षाचे २६०, म्हणजे पंधरा वर्षांची निश्चिंती. पण त्या आकड्याचा अर्थ 'तेवढ्या तासांनी दिवा जाईल' असा नसतो. या धंद्यातली रूढ रीत अशी, की नवा असताना दिवा जेवढा उजेड देत होता त्याच्या निम्मा उरला, की त्याचं आयुष्य संपलं असं धरायचं. दिवा त्यानंतरही लागतो. बटण दाबलं की भिंतीवर चित्र उमटतं, बघणारे हसतात, रडतात. फक्त कंपनीच्या हिशेबात तो मेलेला असतो.

म्हणून दिवा किती टिकतो, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे. निम्मा उजेड गेला आणि बघणाऱ्याला पत्ताच लागला नाही, तर त्याचं काही गेलं का?

आधी दिवा कसा मंदावतो ते पाहू, कारण सगळी मेख त्यातच आहे. घरगुती प्रोजेक्टरमध्ये वर्षानुवर्षं जो दिवा वापरला गेला तो 'यूएचपी' जातीचा. फिलिप्सने तो १९९५ साली बाजारात आणला. त्यात तापून उजळणारी तार नसते. क्वार्ट्झच्या छोट्याशा फुग्यात टंगस्टनची दोन टोकं समोरासमोर, मध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर, आणि भोवती पाऱ्याची वाफ. तिचा दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या सुमारे २०० पट. त्या मिलिमीटरभर जागेत विजेची कमान पेटते आणि तिच्यातून शंभर इंची चित्र उभं राहतं. या भट्टीत टंगस्टन उडत राहतं. उडालेलं टंगस्टन पुन्हा टोकांवर नेऊन बसवायला आत किंचित ब्रोमीन घातलेलं असतं, पण ही परतफेड पूर्ण होत नाही. टोकं झिजतात, मधलं अंतर वाढतं, काच आतून काळवंडत जाते. समईची काजळी आणि ही काजळी, रसायन वेगळं, गत तीच. फरक इतकाच की समईची वात पुढे सारता येते.

हे सगळं इतकं हळू होतं, की डोळ्याला दाद लागत नाही. ४००० तासांत सेकंदाला २४ या हिशेबाने ३४ कोटी ५६ लाख चौकटी पडद्यावरून जातात. त्यातली कुठलीही एक काढा आणि तिच्या आधीचीशी ताडून पाहा, फरक शून्य. पहिली आणि शेवटची शेजारी ठेवा, फरक दुपटीचा. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो, की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का. राजा नाही म्हणतो. मग रात्रभर वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही. नागसेनाला माणसाच्या सातत्याबद्दल बोलायचं होतं, म्हणून त्याने ज्योत वेगळी की तीच एवढंच विचारलं. ती शेवटच्या प्रहरी किती मोठी उरली होती, हे विचारलं नाही. आपल्याला तेच विचारायचं आहे.

आता 'काही गेलं नाही' या बाजूचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. ते फालतू नाही. डोळा काही मोजमापाचं यंत्र नव्हे, तो सरावतो. भर उन्हातून घरात आलं की क्षणभर काळोख वाटतो, मग सगळं दिसू लागतं. उजेड निम्मा झाला तरी तो निम्मा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात जेवलेलं जेवण कुणाला कमी चवीचं लागलेलं नसतं. मग ज्याला कमीपणा जाणवलाच नाही, त्याला 'तुझं नुकसान झालंय' असं सांगणं म्हणजे सुखाने बसलेल्या माणसाला उठवून दुःख देणंच नाही का? शिवाय हे सांगणारा बहुतेकदा नवा दिवा विकणाराच असतो. 'चाललंय की' या आपल्या दोन शब्दांत आळस आहे तसं शहाणपणही आहे. दर वर्षी फोन बदलणाऱ्याकडे ते नसतं.

हे मला बरंचसं पटतं. पण त्यात एक भोक आहे. दिवा मंदावतो तेव्हा चित्र नुसतं मंद होत नाही. दिव्याचा उजेड घटतो, खोलीतला मात्र तेवढाच राहतो. खिडकीच्या फटीतून येणारा, छतावरून परतणारा, कुणाच्या तरी मोबाइलचा. त्यामुळे आधी बळी जातो तो काळोखातल्या बारकाव्यांचा. रात्रीच्या प्रसंगात दाराआड उभ्या माणसाचा चेहरा हळूहळू मागच्या भिंतीत मिसळतो. बघणाऱ्याला 'इथे चेहरा होता, आता दिसत नाही' असं कधीच वाटत नाही. त्याला वाटतं, इथे काळोखच आहे. इथे फक्त सुख थोडं कमी झालं असं म्हणता येत नाही, एक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. न पोचलेल्या गोष्टीची हळहळ वाटत नाही, म्हणून ती गेली नाही असं म्हणायचं, तर ज्याचं पत्र टपालातच हरवलं त्याचंही काही गेलं नाही असं म्हणावं लागेल.

तरीही स्वतःच्या घरातला, स्वतःच्या पैशाचा दिवा असेल तर मी वाद घालणार नाही. मूळ दिवा काही हजार रुपयांना पडतो. एखाद्याने तासांचा आकडा पाहिला, खिसा चाचपला आणि 'अजून वर्षभर काढू' म्हटलं, तर तो त्याचा हिशेब. त्याने अर्धा उजेड पत्करला. पत्करणं वेगळं आणि आपल्या नकळत तो वाट्याला येणं वेगळं.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग कंपनी गुपचूप कमी करत होती. कारण तसं समजण्यासारखं होतं, थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये. तरी लोक खवळले. वेग कमी झाला यापेक्षा जास्त चीड होती ती न सांगण्याची. कित्येकांनी 'फोन जुना झाला' असं समजून नवा घेतला असणार, जिथे नुसती बॅटरी बदलून भागलं असतं. पुढच्या वर्षी आयफोनमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसू लागली. बॅटरी काही त्यामुळे सुधारली नाही, पण निर्णय फोन वापरणाऱ्याच्या हातात आला.

थिएटरात हा प्रश्न आणखी धारदार होतो. डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्यावरचा पांढरा १४ फूट-लँबर्ट इतका तेजस्वी हवा. प्रेक्षकांपैकी कुणीही हे मोजायला यंत्र घेऊन येत नाही. मे २०११ मध्ये 'बोस्टन ग्लोब'चे समीक्षक टाय बर यांनी लिहिलं, की तिथल्या काही मल्टिप्लेक्समध्ये थ्रीडीची भिंग तशीच ठेवून साधे सिनेमे दाखवले जातात आणि चित्र फार काळवंडतं. लोक पूर्ण तिकीट काढून बघत होते आणि तक्रार न करता घरी जात होते. करणार कशी? शेजारच्या पडद्यावर तोच सिनेमा पूर्ण उजेडात चालू नव्हता. पूर्वी कार्बनच्या कांड्यांवर प्रोजेक्टर चालायचे, जत्रेतल्या तंबूतही. तेव्हा ऑपरेटरला कांड्यांवर सतत नजर ठेवावी लागे, कारण त्या डोळ्यांदेखत जळून आखूड होत. उजेड हे कुणाचं तरी काम होतं. आता ते काम यंत्राकडे गेलं आणि लक्ष देणारं माणूस उरलं नाही.

यापेक्षा वाईट प्रकार सेकंडहँड बाजारात होऊ शकतो. बहुतेक प्रोजेक्टरच्या मेन्यूत दिव्याचे तास शून्यावर आणायची सोय असते. ती असते नवा दिवा बसवल्यावर वापरण्यासाठी, पण जुना तसाच ठेवूनही ती वापरता येते. घेणाऱ्याने तो उजेड नवा असताना पाहिलेलाच नसतो. त्याच्यासाठी अर्धा हाच पूर्ण. मुळात तो आकडाही तासच मोजतो, उजेड मोजत नाही. पण तेवढाच एक साक्षीदार असतो, आणि त्यालाही फितवता येतं.

याला मोठ्या प्रमाणावर नाव आहे. १९९५ सालीच (योगायोग, बाकी काही नाही) डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने लिहिलं, की मासळीचा अभ्यास करणारी प्रत्येक पिढी आपण काम सुरू केलं तेव्हाचा साठा हाच मूळ साठा धरते आणि घट तिथून पुढे मोजते. त्यामुळे खरी घट कुणालाच पूर्ण दिसत नाही. घरात आजी 'या विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं' म्हणते, तेव्हा आपण तिला जुन्या आठवणींत रमलेली समजतो. ती त्या घरात पहिला उजेड पाहिलेली एकटी असते, एवढंच.

लेझरचे प्रोजेक्टर आता २०,००० तासांचं आयुष्य सांगतात, आणि तिथेही शेवट बहुधा निम्म्या उजेडावरच धरलेला असतो. दिवा बदलायची कटकट नाही, पारा नाही, हे चांगलंच. पण एक गोष्ट त्याबरोबर जाते. जुना दिवा काढून नवा बसवल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं, की खोलीतलं कुणीतरी हमखास 'अरे बापरे' म्हणतं. तोपर्यंत काय गेलं होतं हे कळायचा तेवढाच एक क्षण असतो. लेझरमध्ये उजेड यंत्राबरोबरच म्हातारा होतो, तो क्षण येतच नाही.

त्यामुळे नवा प्रोजेक्टर आणलाच, तर पहिल्या आठवड्यात एक काम करून ठेवा. रात्री सगळे दिवे मालवून पडद्यावर नुसता पांढरा रंग लावा आणि फोनने फोटो काढा. नेहमीसारखा काढून उपयोग नाही, कारण फोन आपल्या डोळ्यासारखाच मनकवडा असतो, उजेड कमी पडला की स्वतःच भरून काढतो आणि दोन्ही फोटो सारखेच दिसतात. मॅन्युअल मोडमध्ये जाऊन आयएसओ आणि शटरचा वेग ठरवून घ्या, ते आकडे कुठेतरी लिहून ठेवा. वर्षाने त्याच जागेवरून, त्याच आकड्यांवर, त्याच फोनने पुन्हा काढा. तोपर्यंत फोन बदलला नसेल, तर.