कोयत्यामागे किती माणसं?

ऊसतोडीची उचल देताना मुकादम कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस असेल तर अर्धा. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारकडच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट बेळगावपर्यंत जातात आणि मार्च-एप्रिलात हंगाम संपून पट्टा पडल्यावर परततात. मधल्या सगळ्या महिन्यांची उचल, तोड, खाडे हे सारं कोयत्याच्या नावावर मांडलं जातं. कोयता नवऱ्याच्या नावावर असतो. बाईनं किती मोळ्या बांधल्या, किती डोक्यावरून ट्रकपर्यंत नेल्या, याला वहीत रकाना नाही.

माझं म्हणणं असं आहे की श्रमाचा अभ्यास करणाऱ्या आपण लोकांनीही बराच काळ हीच वही वापरली. कुटुंबं किती गेली, कर्ज किती, टनामागे दर किती, एवढं विचारून आपण उठलो. कुटुंब हे एकक धरलं की त्यातली बाई आणि मूल दोघंही एका आकड्यात बुडतात.

2019 साली हा आकडा फुटला. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांकडे चौकशी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. वयोगट तंतोतंत जुळत नसतील, तरी एवढी मोठी तफावत वयाच्या फरकानं भरून निघत नाही.

त्यानंतर चर्चा खासगी दवाखान्यांच्या लोभावर गेली. लोभ होताच. पण बाई ऑपरेशनला तयार का होते, याचं उत्तर दवाखान्यात सापडत नाही, ते फडात आहे. पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापायच्या, पाणी आणायचं, उजाडायच्या आत फडावर पोचायचं. वाकून तोडणी, साळणी, मोळी बांधणं, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा. मुक्कामाला संडास नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला आणि वाळवायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, ते महिनोन् महिने तसंच सोसलं जातं, कारण खाडा पडला तर पैसे कापतात आणि एकटीच्या दुखण्यानं अख्खा कोयता अडतो. अशा बाईला कुणी ‘कॅन्सर होईल’ म्हणून भीती घातली, तर ती पिशवी काढायला तयार होते. अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी जाण्याचे परिणाम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, आणि पुढच्या हंगामात तीच मोळी पुन्हा डोक्यावर असते. शस्त्रक्रियांची मोजणी झाली ते चांगलंच झालं. कामाच्या तासांची अशी मोजणी झालेली नाही.

आता त्याच फडापासून थोड्या अंतरावरच्या कोपीकडे पाहू. तिथं आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन असते. कायद्याच्या दृष्टीनं ती बालकामगार ठरवणं अवघड आहे. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी घातली, पण शाळेच्या वेळेनंतर घरच्यांना मदत करायची मुभा ठेवली. जनगणनेत 2001 साली 5 ते 14 वयाची 1 कोटी 26 लाख कामकरी मुलं होती, 2011 साली 1 कोटी 1 लाख. ही घट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण भाऊ सांभाळणारी मुलगी दोन्ही वेळच्या मोजणीत नव्हतीच, कारण त्या कामाला जनगणना काम मानत नाही. इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं ‘श्रमशक्ती’ अहवालात 1988 सालीच बायकांच्या बिनमोल कामाची नोंद घ्यायला सांगितलं होतं. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97.

आई दुपारपर्यंत फडात राहू शकते ती या मुलीच्या जिवावर. कारखाने अधिनियमानं तीसपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचं केलं होतं. ऊस तोडणारी बाई मात्र कारखान्याच्या पटावर नसते, ती मुकादमाच्या टोळीत असते. म्हणून पाळणाघराचा खर्च कारखान्यावर पडत नाही. तो त्या मुलीच्या शाळेतून वसूल होतो.

जनार्थसारख्या संस्थांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालवलेल्या साखरशाळा शिक्षण हक्क कायदा आल्यानंतर बंद होत गेल्या. मुलं गावातच थांबावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली. विचार योग्य होता, पण तान्ह्याला कोण सांभाळणार हा प्रश्न त्यात धरलेला नव्हता. मुलगा आजीपाशी राहू शकतो. मुलीची फडावर गरज असते.

थोडी मोठी झाली की तिचं लग्न होतं आणि एक नवा कोयता तयार होतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 43.7 टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती, राज्यात 21.9 टक्क्यांची. बालविवाहाचा अभ्यास एक जण करतो, बालमजुरीचा दुसरा, गर्भाशयाचा तिसरा. मुलगी मात्र एकच आहे.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. लढून मिळवलेली ती वाढ मोलाची आहे, पण तीही कोयत्यालाच मिळाली. आता ऊसतोड कामगारांची नोंदणी होते आहे, ओळखपत्रं दिली जात आहेत. त्या अर्जावर बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली न येता स्वतंत्र यावं, तिची मजुरी तिच्या खात्यात जावी. अभ्यासकांनी एप्रिलात गावी भेटण्यावर न थांबता जानेवारीत फडावर जावं, मुकादम शेजारी उभा नसताना बाईशी बोलावं, आणि तिच्यासोबत मुलीलाही वेगळं विचारावं: सकाळपासून काय काय केलंस, तान्हा किती महिन्यांचा आहे, तू कितवीत होतीस.