प्रयोगशाळेत, कुणी नसताना

शाळा सुटली आहे. प्रयोगशाळेचं दार उघडा आणि उंबऱ्यातच थांबा.

तपासणीचा तक्ता काखेतच राहू दे.

एक श्वास घ्या. सावकाश.

कसला वास येतो? स्पिरिटचा? जुन्या लाकडी कपाटाचा? की कुजक्या अंड्यांचा? हायड्रोजन सल्फाइडला नाक लवकर सरावतं. वायू तिथेच असतो, वास तेवढा जातो. म्हणून हा पहिला श्वास महत्त्वाचा. (दर्प झोंबला, तर मनन पुरे, आधी बाहेर या.)

हवा बरी आहे? मग आत या.

टेबलाच्या कडप्प्याकडे बघा. हात लावू नका, नुसतं वाकून बघा.

काळ्या झिलईवर फिकट, खरबरीत ठिपके आहेत. कडप्पा म्हणजे चुनखडकच. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला, की तो फसफसतो, आणि तेवढी जागा कायमची निस्तेज होते.

एक ठिपका बघा. कुणाचा तरी हात इथे हलला आहे.

आणखी थोडं थांबा. ठिपके कुठे दाटले आहेत? जिथे दोन मुलांची कोपरं एकमेकांना लागतात, तिथे?

तिथेच नजर राहू दे.

आता कपाट. बाटल्यांच्या तोंडाशी पांढुरकी भुकटी साचली आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया शेजारी ठेवलेत. बुचांमधून निसटलेल्या वाफा बंद कपाटात एकमेकींना गाठतात आणि अमोनियम क्लोराइड होऊन बसतात. तक्त्यात ‘वायुवीजन : पुरेसे’ असं दरवर्षी लिहिलं जातं. लिहू देत. तुम्ही भुकटी बघा.

एक्झॉस्ट पंखा लावा. डोळे मिटा. ऐका.

आवाज येतो, पण हवा हलते का? जाळीपासून हातभर अंतरावर कागदाचा कपटा धरा. वाट बघा. तो पंख्याकडे झुकतो, की नुसता लोंबतो?

आता स्टुलावर बसा. पाठ थोडी खाली घ्या, आठवीतल्या मुलाच्या डोळ्यांइतकी.

श्वास घ्या. इथून बघा.

दार दिसतं का? वाटेत दप्तरं कुठे पडत असतील? वाळूची बादली कुठे आहे, आणि तिच्यात वाळूच आहे ना?

सल्फ्युरिक आम्लाची बाटली डोळ्यांच्या वर आहे, की खाली?

वर असेल, तर उठा. चष्मा लावा, हातमोजे घाला. एक हात तळाशी धरून ती सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा, आणि अमोनिया दुसऱ्या कपाटात हलवा.