सर्वांसाठी एकच ट्रे

शंभर माणसांना गोड खाऊ घालायचे म्हटले की पसरट ट्रेमधला केक हा सोपा उपाय. शेंगदाणे खरपूस भाजावेत, साले पाखडावीत आणि तेल सुटेपर्यंत वाटावेत, म्हणजे घरचे पीनट बटर तयार होते. ते घातलेला केक खमंग आणि पोटभरीचा होतो. १५ इंच लांब व १० इंच रुंद ट्रेमधल्या केकचे लांबीत ७ व रुंदीत ५ भाग केले तर ३५ तुकडे होतात, आणि तीन ट्रेंत १०५ जणांची सोय होते. सर्वांना एकच मिश्रण, एकच माप. यापेक्षा न्यायाची वाटणी कोणती? परंतु सर्वांना सारखे देणे म्हणजे सर्वांशी योग्य वागणे, हे खरे आहे काय?

उज्जैनसारख्या नगरीत हा प्रश्न लवकर पुढे येतो. शिंद्यांच्या काळापासून येथे मराठी घरे आहेत. सिंहस्थ मेळा येथे बारा वर्षांनी भरतो. २०१६ साली भरला तेव्हाही ठिकठिकाणी भंडारे चालले. भंडाऱ्यात बसलेला माणूस पात्रात काय आहे याची चौकशी करीत नाही. तो वाढणाऱ्यावर विश्वास ठेवतो. नाताळात आपल्या दारी येणारा शाकाहारी शेजारीही त्याच विश्वासाने हात पुढे करतो. शेंगदाणा त्याला उपवासाला चालतो. साबूदाण्याच्या खिचडीत त्याचेच कूट असते. केकचा वास ओळखीचा असल्याने तो निर्धास्त खातो. पण प्रत्येक ट्रेत दोन अंडी फेटून घातलेली आहेत, ती त्याला कशी दिसावीत?

कोणी म्हणेल, "न दिसणाऱ्या अंड्याने काय बिघडते? आम्हांला तर ते निषिद्ध नाही." बंधूंनो, येथेच थांबून विचार केला पाहिजे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल अशाच एका जेवणाविषयी लिहितो. यजमानाने वाढलेले निःशंकपणे खावे. परंतु हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकभावासाठी खाऊ नये. पौलाच्या मते अन्नात दोष नाही, तरीही तो दुसऱ्याच्या मनाला मान देतो. तेथे विश्वासणारा पाहुणा होता; येथे आपण यजमान आहोत. यजमानाला तर सर्व ठाऊक असते, म्हणून त्याची जबाबदारी अधिक. जे ठाऊक आहे ते लपवून दुसऱ्याच्या तोंडी घालणे हे आदरातिथ्य नव्हे, ती फसवणूक आहे.

मग एकासाठी शंभरांनी आपली रीत सोडावी काय? प्रत्येकाची आवडनिवड सांभाळू लागलो तर चूलच पेटणार नाही, हे खरे. परंतु आवड, विवेकभाव आणि जीव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला केक कमी गोड हवा असेल, तर त्याने थोडा कमी खावा. अंडे हा शेजाऱ्याच्या विवेकभावाचा प्रश्न आहे, आणि तेथे आपल्याला फारसे काही सोडावे लागत नाही. एका अंड्याऐवजी पाव वाटी दही घेतले तरी चालते; दह्याच्या आंबटपणाने सोडा फसफसतो व केक फुलतो. असे केल्याने अंडे खाणे पाप ठरत नाही. आपण फक्त शेजाऱ्यासाठी जागा करतो.

तिसरी गोष्ट जिवाची. काही थोड्या माणसांना शेंगदाणाच सोसत नाही. अगदी अल्प अंशाने अंगावर पित्त उठते, घसा सुजतो, श्वास कोंडतो, प्रसंगी प्राणावर बेतते. भाजल्याने हा धोका टळत नाही. अशा बालकाला "थोडेसे खा, काही होत नाही" असे प्रेमाने म्हणणारी मावशी त्याचा घात करू शकते. त्याचा खाऊ वेगळ्या, स्वच्छ भांड्यांत आधी करावा, झाकून ठेवावा, आणि केकची सुरी त्याला लावू नये. त्याला पस्तिसावा तुकडा मिळाला नाही म्हणून अन्याय झाला नाही. तो मिळाला असता तर मात्र झाला असता.

यावरून दिसते की समान माप ही न्यायाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. शंभर जणांचा आकडा मांडणे सोपे असते; त्या शंभरांत कोण कोण आहे हे विचारायला वेळ लागतो. तो वेळ देणे हाच सेवेचा अवघड भाग आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पुढच्या संमेलनापूर्वी एवढे करावे. मुलांच्या आईवडिलांना कोणाला काय चालत नाही ते विचारून ठेवावे. ट्रेजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी : यात शेंगदाणे आहेत, अंडे आहे किंवा नाही. आणि ती चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्यावी.