गव्हाणीतली मोकळी जागा



मुलांच्या लाडक्या पुस्तकावर चित्रपट निघाला की घरोघरी एक वाद होतो. पुस्तक वाचून मोठे झालेले आईवडील म्हणतात, "हा आमचा नव्हेच!" भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी चित्रपट केला. फुरसुंगीचा, सायकल दामटणारा शाळकरी बनेश पडद्यावर वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला तरुण झाला. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. हजारो मुलांनी मनात जपलेल्या चित्राला एकच चेहरा देण्याचा अधिकार कोणाला? आणि तो दिला, तर कोणते कर्तव्य अंगावर येते?

'नार्निया'चे लेखक सी. एस. लुईस यांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला होता. १९५० साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कथेत अस्लान नावाचा सिंह अपराधी मुलासाठी प्राण देतो आणि पुन्हा उठतो. हा सिंह कोणाची आठवण करून देतो, हे आपल्याला सांगायला नको. १९५९ साली एका पत्रात लुईस यांनी कळवले, की सिंहाचे सोंग घेतलेला माणूस अस्लान म्हणून उभा करणे ही आपल्या लेखी ईशनिंदा ठरेल. जिथे मुलाने नतमस्तक व्हावे तिथे त्याला हसू फुटेल, ही त्यांची भीती असावी. पुढे २००५ च्या चित्रपटात अस्लान संगणकावर घडवला गेला. सोंगाचा प्रश्न सुटला, कर्तव्याचा मात्र उरलाच.

मग चित्रपट करूच नये का? असे आपण म्हणू शकत नाही. शब्दाने देह धारण केला, ही आपली श्रद्धा आहे. ७८७ साली नायसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांना मान्यता दिली, ती एका कारणाने: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत अडकत नाही, ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. हीच कसोटी आपण चित्रपटाला लावू. तो स्वतःपाशीच थांबवतो, की पलीकडे नेतो?

१२२३ साली ग्रेचिओ गावी संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, जिवंत बैल आणि गाढव आणले. परंतु बाळाच्या जागी कोणाला ठेवल्याचे त्यांचे चरित्रकार सेलानोचे थॉमस सांगत नाहीत. ती जागा पाहणाऱ्याच्या श्रद्धेसाठी मोकळी होती. चांगला दिग्दर्शकही सारे दाखवून टाकत नाही. फास्टर फेणेचे वय बदलले, पण अन्याय दिसल्यावर स्वस्थ न बसण्याचा त्याचा स्वभाव बदलला नाही. शिवाय दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेले भागवत चित्रपटातच भेटतात. म्हणजे पडदाच पुस्तकाकडे बोट दाखवतो. वयाचा बदल आम्हालाही खटकतो, पण याला आम्ही बेइमानी म्हणणार नाही.

उरतो तो आपला भाग. भाऊच्या धक्क्याहून मोरा बंदराला येणाऱ्या लाँचमध्ये भोवती समुद्र असतो आणि मुलांची नजर मोबाईलवर. सारी चित्रे आयती मिळाली, तर मन स्वतः चित्र काढायला कधी शिकणार? संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेत बेथलेहेमची वाट, ती गुहा मनाच्या डोळ्यांनी पाहायला सांगितले आहे. ज्याने लहानपणी एकही गोष्ट मनात पाहिली नाही, त्याला शुभवर्तमान ऐकताना गालीलचा किनारा कसा दिसावा?

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. चित्रपट जरूर दाखवा, पण आधी पुस्तक वाचून दाखवा, रोज दोन पानेच का होईना. चित्रपट पाहून आल्यावर मुलाला विचारा, "तुझ्या मनातला कसा होता?" आणि तो सांगू लागला की मधे न बोलता ऐका.