छपरावरचा पाऊस

भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला काही कुटुंबांनी हौसेने छोट्या वाड्या केल्या आहेत. थोडी जमीन, चार आंबे, भाजीचे वाफे, पत्र्याचं घर. इथे पाऊस साधारण २,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. याच भागातून तानसा धरणाचं पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं, हे इथला प्रत्येक मुलगा बघत मोठा होतो.

छपरावरचं पाणी साठवण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छपरावर मोसमात एक लाख लिटर! थोडं उडालं, सांडलं तरी ८०,००० लिटर हाती येतं. एवढी टाकी कोण बांधणार? म्हणून टाकी भरली की उरलेलं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडावं.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की या कामात घरातल्या प्रत्येकाला जागा आहे. मृगाआधी बाबा पन्हळी लावतात, मुलं त्यातला पाला काढतात. पहिल्या सरींचं धुळीचं पाणी टाकीत न घेता वाहू द्यायचं, ही आठवण आजीच करून देते. टाकीचं झाकण घट्ट बसवायचं, नाहीतर डासांची पैदास होते. तेवढी पाहणी आईची.

या रविवारी वाडीवर जाणार असाल, तर पन्हळी साफ करायला शिडी आणि खराटा बरोबर न्या.