सनद आणि उस्ताद

उस्ताद कशाने घडतो? सनदेने, की वर्गात घालवलेल्या वर्षांनी? आम्ही बी.एड. झालेले उर्दू शाळांतले शिक्षक. आम्हाला हे उत्तर सोपे वाटायला हवे, पण वाटत नाही.

कारण आमच्यापैकी कित्येकांना अलिफ-बे शिकवणाऱ्या आपांकडे डी.एड. नव्हते. बारावी झाल्या, अध्यापक विद्यालय दूरच्या शहरात, वसतिगृहात ठेवायला घरचे राजी नाहीत. मोहल्ल्यातल्या खाजगी शाळेला शिक्षिका हवी होती. तुटपुंज्या मानधनावर त्यांनी खडू हाती घेतला. लग्न झाले, मुले झाली, खडू सुटला नाही. त्यांच्याकडे वाचायला शिकलेले आम्ही आज त्यांच्याहून कितीतरी जास्त पगार घेतो.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि शिक्षकाची किमान पात्रता ठरली. अप्रशिक्षितांना दिलेली मुदत २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने नोकरीतल्या शिक्षकांसाठी अठरा महिन्यांची पदविका सुरू केली. देशभरातल्या लाखो शिक्षकांनी नाव नोंदवले. आपांनीही नोंदवले. दिवसा वर्ग, रात्री स्वयंपाक उरकून मोबाइलवर पाठ.

तेव्हा आमच्यातलेच काही हसले. ‘घरबसल्या सनद!’ म्हणाले. आम्ही गप्प राहिलो. ते गप्प राहणेही हसण्यातच जमा आहे.

काही जण म्हणतात, अनुभव हीच सनद. हे आम्हाला मान्य नाही. मुलाची पहिली इयत्ता एकदाच येते. शिक्षकाला अनुभव मिळेपर्यंत ती थांबत नाही. त्यातून आमचे मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलते, शाळेत उर्दू वाचते, बाजारात आणि कचेरीत त्याला मराठी लागते. अशा मुलाला शिकवायला नुसती माया पुरत नाही, तालीम लागते. श्रीमंताचे मूल शिकवणी लावून उणीव भरून काढते, गरिबाला शाळेखेरीज कोण? प्रशिक्षित शिक्षक हा त्या मुलाचा हक्क आहे.

मग आपांना घरी पाठवावे काय? तेही नाइन्साफीचे. ज्यांची मेहनत समाजाने वर्षानुवर्षे स्वस्तात घेतली, त्यांचे देणे समाजावर आहे. ते अट सैल करून फेडू नये, वाट मोकळी करून फेडावे. वाट वेगळी असो, मुक्काम एकच असावा. आणि एकदा वाट दाखवली की चालून आलेल्याच्या तोंडावर दार लावू नये.

तसे घडलेही. ही पदविका नव्या नोकरीसाठी चालते का, यावर बरीच वर्षे वाद झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या बरोबरीची नाही असे म्हटले. १० ऑगस्ट २०१७ रोजी जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांची पदविका ग्राह्य आहे, हा खुलासा नंतर आला. मधल्या काळात आपांसारख्यांनी काय सोसले असेल!

मग १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला. कायद्यापूर्वी नेमलेल्या, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. पण जिल्हा परिषद, नगरपालिकांच्या उर्दू शाळांतले आमचे साथी हादरले. ‘इतकी वर्षे शिकवले, आता परीक्षा?’ हा त्यांचा सवाल ऐकताना आम्हाला शरम वाटली. हाच सवाल आपांच्या डोळ्यांत होता, तेव्हा तो आम्ही वाचला नव्हता.

आपांनी तर असा सवाल तोंडाने कधी केलाच नाही. त्या अभ्यासाला बसल्या. सनद आणि उस्ताद यांतले नाते आम्हाला बी.एड.च्या वर्गात उमगले नव्हते, ते तिथे उमगले. जो अजून शिकायला तयार आहे, त्याच्याच हाती मूल सोपवावे.