पुन्हा अडाणी

विंडोज ८ बाजारात आलं २६ ऑक्टोबर २०१२ रोजी. १९९५ पासून पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बसलेलं ‘स्टार्ट’ हे बटण त्यात नव्हतं. संगणक सुरू केला की ओळखीच्या डेस्कटॉपऐवजी रंगीत चौकोनी टाइल्सनी भरलेला पडदा समोर यायचा. टाइलवर बोट ठेवायचं, बोटाने पडदा बाजूला सरकवायचा, कडेवरून बोट आत ओढलं की लपलेली पट्टी बाहेर यायची. सगळी मांडणी बोटासाठी. आणि ती येऊन बसली होती अशा असंख्य यंत्रांवर, ज्यांच्या पडद्याला बोट लावलं तर डाग पडण्यापलीकडे काही होत नव्हतं.

मी तेव्हा जळगावात संगणकाचा क्लास घेत होतो. पुढच्या वर्षभरात नव्या लॅपटॉपसोबत हे विंडोज गावात पसरत गेलं आणि लोकांच्या प्रतिक्रिया रोज कानावर यायला लागल्या. गोलाणी मार्केटात लॅपटॉप घेणारा माणूस पैसे मोजता मोजताच विचारायचा, “यात सेव्हन टाकून मिळेल ना?” कुणी ‘क्लासिक शेल’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून जुना मेन्यू परत आणायचे. जगभर हेच चाललं होतं; गेलेलं बटण विकत देणारी सॉफ्टवेअरंही निघाली. एका कंपनीने काढलेली गोष्ट दुसऱ्या कंपनीकडून पैसे देऊन परत घ्यायची, असा तो व्यवहार.

या सगळ्यावर जाणकारांचं उत्तर ठरलेलं असायचं. लोकांना बदल नको असतो. आधी ओरडतात, मग सवय होते. हे उत्तर इतक्या सहज दिलं जातं की ते खरं आहे का, हे कुणी तपासत नाही.

खानदेशात बसून तर ते तपासायलाच हवं. रावेर-यावलच्या केळीवाल्या शेतकऱ्याने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पाटाचं पाणी सोडून ठिबक घेतलं. पिढ्यान् पिढ्या कंद लावणाऱ्यांनी नंतर टिश्यूची रोपं लावली. बसराई आणि श्रीमंतीच्या जागी ग्रँड नैन आली. पाणी देण्याची वेळ, खत देण्याची रीत, झाडाकडे बघण्याची नजरसुद्धा बदलली. याहून मोठा बदल कुठला सांगायचा? बदल नकोच असणारा माणूस असं करत नाही. पण ते झालं कसं, हे बघण्यासारखं आहे. एकाने एका एकरात ठिबक टाकलं. शेजारी बांधावर उभा राहून हंगामभर बघत राहिला. नळीला क्षार धरतो का, उंदीर कुरतडतात का, घड किती किलोचा पडतो, हे त्याने पाहिलं. मग स्वतःच्या शेतात थोड्या जागेत करून पाहिलं. तोवर उरलेल्या शेताला पाट होताच. रात्रीतून येऊन कुणी त्याचा पाट बुजवला नव्हता.

विंडोज ८ मध्ये पाट बुजवला होता. २०११ च्या सप्टेंबरात प्रोग्रॅमर लोकांना दिलेल्या चाचणी आवृत्तीत रजिस्ट्रीमधली एक नोंद बदलली की जुना स्टार्ट मेन्यू परत यायचा. पुढच्या आवृत्त्यांमधून ती सोय गेली. म्हणजे जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हतं. ते नको, असं कुणीतरी ठरवलं.

यात बिघडलं काय, हे मला नीट कळलं ते धुळ्याला, मामांकडे. मामा एका निमसरकारी कार्यालयात लिपिक होते. संगणक अर्हता नसेल तर वेतनवाढ अडायची, म्हणून पंचेचाळिशीत त्यांनी एमएस-सीआयटी केलं. त्या वयात माउस हातात घेणं म्हणजे काय, हे मी क्लासमध्ये रोज बघत होतो: माउस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून परत मध्ये ठेवता येतो, हे सुचत नाही, डबल क्लिकच्या दोन टिचक्यांमध्ये बोट थांबतं, आणि शेजारी वीस वर्षांची पोरं हसत असतात. मामांनी ते सोसलं. एका वहीत पायऱ्या लिहून काढल्या: ‘स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग...’ हळूहळू वही उघडायची गरज संपली. दोन-तीन वर्षांत कार्यालयातले इतर लोक त्यांना विचारायला यायला लागले.

२०१३ मध्ये त्यांच्या टेबलावर नवं यंत्र आलं. मी एसटीने धुळ्याला गेलो तेव्हा चहा पिताना ते म्हणाले, “भाऊ, मी परत अडाणी व्हई गऊ.”

मी म्हटलं, “मामा, चार दिवसांत येईल. मी दाखवतो.”

“येईल रे. येणार नाही असं कुठे म्हणतो मी? पण माझं आलेलं गेलं ना.”

या वाक्यात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि ‘लोकांना बदल नको असतो’ म्हणणारे त्यांना एकच समजतात. नवं शिकावं लागणं हा कष्ट आहे. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, माणूस जन्मभर शिकतोच. पण शिकलेलं काढून घेतलं जाणं हा कष्ट नाही, ते नुकसान आहे. वीस वर्षांच्या मुलाचं काही गेलं नाही. त्याने मिळवलंच थोडं होतं आणि तेही फुकटात. ज्याने सगळ्यात महाग मोल देऊन ते मिळवलं, त्याचं सगळ्यात जास्त गेलं. सरासरी काढली तर हे दिसत नाही. सरासरीत मामा आणि तो मुलगा मिळून ‘थोडीशी गैरसोय’ होते.

मायक्रोसॉफ्टकडे आकडे होते. लोकांच्या यंत्रांवरून गोळा झालेल्या माहितीवरून त्यांनी तेव्हा मांडलं होतं की स्टार्ट मेन्यूचा वापर कमी होत चालला आहे, लोक नेहमीचे प्रोग्रॅम खालच्या टास्कबारवर अडकवून ठेवतात. आकडे खोटे असतील असं मला वाटत नाही. पण एखादी गोष्ट किती वेळा वापरली जाते यावरून ती कशासाठी वापरली जाते ते कळत नाही. घराच्या मागच्या दाराने दिवसातून एकदाच कुणी जात असेल, म्हणून तिथे भिंत घालायची का?

संगणक बंद करण्याचंच घ्या. ते काम दिवसातून एकदा. विंडोज ८ मध्ये त्यासाठी माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, पट्टी बाहेर यायची वाट बघायची, ‘सेटिंग्ज’वर जायचं, मग ‘पॉवर’, मग ‘शट डाउन’. निवांत बसलेल्या माणसाला हे फार नाही. पण आमच्याकडे भारनियमन होतं. डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका अर्धी झालेली असते, लाइट जाते, यूपीएस टी-टी करायला लागतो. त्याची बॅटरी जुनी, पाच मिनिटांत मान टाकणारी. तेवढ्यात फाइल सेव्ह करून यंत्र बंद करायचं असतं. घाईत माउस कोपऱ्यावरून घसरतो, पट्टी येते आणि जाते. त्या काळात मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या आहेत: ‘बंद करायला ऑल्ट + एफ ४.’ मे महिन्यातला जळगावचा उकाडा, घामेजलेला हात आणि तो कोपरा. अमेरिकेतल्या वातानुकूलित खोलीत केलेल्या मोजणीत यूपीएसचा आवाज कसा यावा?

तरी दुसरी बाजू मला हलकी वाटत नाही. २०१० मध्ये आयपॅड आला होता. पुढचे कोट्यवधी लोक माउस कधीही न धरता थेट काचेवर बोट ठेवणार, हे कंपनीला दिसलं आणि ते बरोबरच निघालं. आज केळीचा भाव फोनवर बघणाऱ्या बाईला डबल क्लिक कधी शिकावं लागलं नाही, हा मोठाच लाभ आहे. टाइल्सचा तो पडदाही मुळात वाईट नव्हता. अक्षरं ठळक, चौकोन मोठे, उगाच नक्षी नाही. आधी काहीच न शिकलेल्या मुलांना मी तो दाखवला तेव्हा ती मजेत खेळली.

सवयीला फार जपलं तर काय होतं, याचं उदाहरण तर आपल्या मराठीतच आहे. टाइपरायटरवर शिकलेल्या हातांसाठी संगणकावर रेमिंग्टन कळफलक ठेवला गेला. इन्स्क्रिप्टची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आलेली असूनही हजारो टंकलेखकांना कुणी जबरदस्तीने तिकडे ढकललं नाही. माणुसकी म्हणून हे योग्यच झालं. पण त्या सवयीच्या आधाराने जुने, युनिकोडपूर्व फाँटही टिकून राहिले. त्यामुळे सरकारी कागद, स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं अशा रूपात साठली की दुसऱ्या यंत्रावर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो, शोधायला गेलं तर एक शब्द सापडत नाही. टंकलेखकाच्या हाताचा मान राखला, त्याची किंमत पुढचा वाचक देतो आहे. म्हणून हाताला ठाऊक आहे ते कायम राहिलंच पाहिजे, असं मी म्हणू शकत नाही.

मग माझी तक्रार उरते कुठे? ती बदलाच्या हेतूपाशी उरते. मामांच्या टेबलावरच्या यंत्राला स्पर्शाचा पडदा नव्हता, येणारही नव्हता. टाइल्सनी त्यांचं कुठलंच काम सोपं होत नव्हतं. ठिबक घेणाऱ्याला त्याच्याच शेतात पाणी वाचलेलं दिसतं. इथे लाभ कुठे होता? माझ्या समजुतीप्रमाणे तो टॅब्लेटच्या बाजारात होता. तिथे कंपनी मागे पडली होती. डेस्कटॉपवरच्या असंख्य लोकांना रोज टाइल्स बघायला लावल्या की त्यांना त्याची ओळख होईल, प्रोग्रॅमर त्यासाठी ॲप्स लिहितील, टॅब्लेट खपतील. हा हिशोब पक्का होता. जुना मेन्यू शेजारी ठेवला असता तर लोक तिकडेच गेले असते आणि हिशोब कोसळला असता. म्हणून तो काढणं भाग होतं.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, ही कांटची कसोटी एरवी मोठ्या प्रसंगांसाठी राखून ठेवली जाते: युद्ध, गुलामी, खोटी साक्ष. बटणासारख्या क्षुल्लक गोष्टीला ती लावली तर हसू येईल. पण क्षुल्लक कुणासाठी? मामांची पंचेचाळिशीत मिळवलेली सफाई ही दुसऱ्याच बाजारात खर्च करण्याची रक्कम म्हणून वापरली गेली, आणि त्यांना विचारलंही नाही. हानी लहान होती म्हणून तिचं रूप बदलत नाही. रेमिंग्टनच्या बाबतीत उद्या कुणी टंकलेखकांना इन्स्क्रिप्टकडे वळवायचं ठरवलं, तर निदान असं सांगता येईल की तुम्ही लिहिलेलं तुमच्याच नातवाला वाचता यावं म्हणून हे करतो आहोत. मामांना सांगण्यासारखं असं काय होतं?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. विंडोज ८ येऊन महिना होण्याआधीच त्या विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की कंपनीतून बाहेर पडले. मे २०१३ मध्ये कंपनीने १० कोटी परवाने विकल्याचं सांगितलं, आणि लोकांना हे शिकायला जड जातं आहे हेही मान्य केलं. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं. पण ते दाबलं की पुन्हा त्याच टाइल्स समोर. तोवर एक्सपीवाल्यांनाही थांबायची सोय उरली नव्हती, कारण ८ एप्रिल २०१४ ला त्याचा आधार संपला. खरा मेन्यू परत आला विंडोज १० मध्ये, २९ जुलै २०१५ ला. त्यात डावीकडे जुनी यादी होती आणि उजवीकडे थोड्या टाइल्स. २०११ पासून लोक जे मागत होते, त्याच्या बरंच जवळचं.

मामा तोवर निवृत्तीला आले होते. मधल्या दोन वर्षांत ते टाइल्स शिकले होते, अगदी व्यवस्थित. कार्यालयातल्या यंत्रावर विंडोज १० आलं तेव्हा त्यांनी नवी वही काढली नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला म्हणाले, तूच कर बाबा, मी तुला तोंडी सांगतो.